त्रिशुळाच्या टोकावरचा 'बी'

चांदीचं एक मोठं नाणं. व्यास ३९ मिलिमीटर, वजन २६.९५ ग्रॅम, म्हणजे राणीछाप रुपयाच्या दुपटीहून जास्त. एका बाजूला हातात त्रिशूळ आणि ढाल घेऊन उभी असलेली ब्रिटानिया, तिच्या मागे दूर समुद्रात शिडाचं जहाज. दुसऱ्या बाजूला मधोमध दीर्घायुष्याचं चिनी चिन्ह आणि त्याच्याभोवती चिनी आणि मलय अशा दोन भाषांत लिहिलेली किंमत, एक डॉलर. हे नाणं हाँगकाँग, पेनांग आणि सिंगापूरच्या व्यापारासाठी पाडलेलं. भारतात ते कधी चलनात नव्हतं. तरी मुंबईच्या फोर्टात नाणी विकणाऱ्याच्या ट्रेमध्ये ते दिसतं, आणि भिंग लावून ब्रिटानियाच्या त्रिशुळाचं मधलं टोक पाहिलं तर तिथे, तांदळाच्या कणीहूनही लहान जागेत, इंग्रजी 'बी' हे अक्षर सापडतं. 'बी' म्हणजे बॉम्बे. नाणं विकत घेणारा जिथे उभा असतो तिथून ते जिथे पाडलं गेलं ती टांकसाळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

जगभरच्या नाण्यांचा छंद म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर अल्बम येतो आणि देशांची यादी येते. शंभर देश झाले, दीडशे झाले, अशी मोजदाद सुरू होते. त्यातही आनंद आहेच. पण मुंबई-पुण्याच्या किंवा पणजी-मडगावच्या विक्रेत्याकडचा 'फॉरेन'चा ट्रे निराळ्या नजरेने पाहण्यासारखा आहे. लंडनच्या दुकानातल्या ट्रेसारखा तो नसतो, न्यूयॉर्कच्या ट्रेसारखाही नसतो. इथल्या बंदरातून जो माल गेला, जी माणसं गेली आणि परतली, इथल्या टांकसाळीने ज्यांच्यासाठी काम केलं, त्या सगळ्यांची शिल्लक त्या ट्रेमध्ये साचलेली असते.

त्या डॉलरचीच गोष्ट घ्या. चीनच्या किनाऱ्यावरचा व्यापार दीर्घकाळ मेक्सिकोच्या चांदीच्या डॉलरवर चाले. ब्रिटिशांनी हाँगकाँगला स्वतःची टांकसाळ काढून पाहिली, ती तोट्यात गेली आणि १८६८ मध्ये बंद झाली. पुढे १८९३ मध्ये भारत सरकारने लोकांनी आणलेल्या चांदीचे मागेल तेवढे रुपये पाडून देणं थांबवलं. मुंबईच्या टांकसाळीतली यंत्रं मोकळी झाली, आणि तिकडे पूर्वेला चांदीच्या नाण्याची चणचण होती. १८९५ पासून मुंबईत हे डॉलर पाडले जाऊ लागले ते १९३५ पर्यंत, मधली काही वर्षं वगळून. थोडे कलकत्त्याला झाले, त्यांवर 'सी' आहे. १९२५ आणि १९३० मध्ये काही लंडनला झाले, त्यांवर अक्षरच नाही. पण बहुतेक सगळे मुंबईचे.

चीनमध्ये पोचल्यावर तिथले चांदी पारखणारे नाण्यावर आपला छोटा ठसा मारत. असे ठसे खाऊन काही डॉलर अगदी खडबडीत झालेले दिसतात. हे पारखी तिथल्या इंग्रजीत 'श्रॉफ' म्हणून ओळखले जात, आणि तो शब्द आपल्या सराफाचाच. हाँगकाँगमध्ये गाडी लावण्याचे पैसे भरायच्या खिडकीवर आजही 'श्रॉफ' असं लिहिलेलं असतं.

नाणेविक्रेत्याकडे माल साधारण तीन थरांत असतो. सगळ्यात खाली डबा किंवा परात, तिच्यात मिसळीचा माल: वीस-पंचवीस देशांची चालू-बंद नाणी एकत्र, दहा-वीस रुपयांना एक किंवा वजनावर. त्याच्यावर अल्बम, म्हणजे प्लास्टिकच्या पानांतून देशवार लावलेली, पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये स्टेपल केलेली नाणी. होल्डरवर पेन्सिलीने साल, किंमत आणि बऱ्याचदा 'केएम' असा क्रमांक. क्राउस आणि मिश्लर या दोघांच्या जागतिक नाणेसूचीतला तो क्रमांक, १९७२ पासून नाणेबाजाराची ती बाराखडी झाली आहे. आणि वर, काचेखाली किंवा विक्रेत्याच्या बॅगेत, चांदी-सोन्याचा माल. नवख्या ग्राहकाची नजर काचेकडे जाते. मुरलेला संग्राहक आधी डब्यात हात घालतो.

डब्यातली नाणी येतात कुठून, याचं उत्तर साधं आहे. परदेशी नोटा बदलून मिळतात, नाणी सहसा कोणी घेत नाही. त्यामुळे प्रवासाहून परतलेल्या प्रत्येक घरात एक मूठभर सुटे उरतात. ते आधी मुलांच्या हातात, मग ड्रॉवरमध्ये, मग घर आवरताना रद्दीबरोबर बाहेर. कोकणातल्या गावांतून आखाताकडे नोकरीसाठी माणसं गेली, म्हणून रत्नागिरीच्या माणसाच्या ट्रंकेतून येणाऱ्या सुट्यांत कुवेतचं गलबत असतं, अमिरातीच्या दिरहमवरची कॉफीची चोचदार किटली असते. २००२ मध्ये युरोपात युरोची नाणी आली आणि इटलीचे लिरा, फ्रान्सचे फ्रँक, स्पेनचे पेसेटा एकदम निकामी झाले. तीही पोत्यांनी या बाजारात उतरली. इटलीचं १९८२ पासूनचं पाचशे लिरांचं दोन धातूंचं नाणं डब्यात हमखास मिळतं. आजच्या दहा-वीस रुपयांच्या दुरंगी नाण्यांचं ते पूर्वज. मधे सोनेरी, बाहेर रुपेरी, आणि किंमत ब्रेल लिपीतही उठवलेली.

या डब्यात 'आय' शोधावा.

दुसऱ्या महायुद्धात जपान पॅसिफिकमध्ये उतरल्यावर ऑस्ट्रेलियात अमेरिकी सैन्याचा तळ पडला, सुट्या पैशांची गरज वाढली, आणि मेलबर्न-पर्थच्या टांकसाळींना ते काम पेलेना. चांदीची नाणी अमेरिकेतून पाडून आणली. तांब्याची कामं मुंबईकडे आली. १९४२ आणि १९४३ च्या ऑस्ट्रेलियन पेनी आणि अर्ध्या पेनीवर, कांगारूच्या जोडीने, एक बारीक 'आय' दिसतो तो इंडियाचा. पहिल्या महायुद्धात हेच काम कलकत्त्याने केलं होतं, म्हणून १९१६ ते १९१८ च्या पेनीवरही 'आय' आहे. पूर्व आफ्रिकेच्या १९४२-४३ च्या शिलिंगवर डोंगरापुढे उभा सिंह आहे, धातूत अवघी पाव भाग चांदी, आणि तिथेही तोच 'आय'. डब्यातल्या शंभर नाण्यांत असं एखादंच निघतं, कधी निघतही नाही. पण ते निघालं की भाव बदलत नसला तरी हातातल्या वस्तूचा पत्ता बदलतो. सिडनीची वाटणारी पेनी बोरीबंदराच्या परिसरातून आगबोटीने गेलेली असते.

युद्धाची याहून नवलाची निशाणी म्हणजे मारिया तेरेसाचा थेलर. ही ऑस्ट्रियाची सम्राज्ञी १७८० मध्ये वारली. तिच्या चेहऱ्याचं, १७८० याच सालाचं चांदीचं नाणं मात्र पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षं पाडलं जात राहिलं, कारण तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर, येमेनपासून इथिओपियापर्यंत, व्यापारी दुसरं नाणं घ्यायलाच तयार नसत. कॉफी, कातडी, हस्तिदंत, सगळ्याचा भाव त्यात. लोक तिच्या खांद्यावरच्या कडीतले मोती मोजून नाणं घेत, इतकी त्या छापाची ओळख पक्की. १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर चढाई करण्यापूर्वी या नाण्याचे साचे व्हिएन्नाहून मिळवले. मग ब्रिटिशांनी स्वतःचे साचे कोरून लंडनला पाडायला सुरुवात केली, आणि १९४०-४१ मध्ये इटलीला इथिओपियातून हुसकावण्याच्या मोहिमेसाठी हेच थेलर मुंबईत पाडले गेले. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीचं, तिच्या मृत्यूच्या सालाचं नाणं, मुंबईच्या कामगारांनी आफ्रिकेतल्या युद्धासाठी केलं. २८ ग्रॅमचं हे नाणं काचेखालच्या मालात नेहमी असतं. ते मुंबईचं की व्हिएन्नाचं हे ओळखायला छापातले बारीक फरक सूचीशी ताडून पाहावे लागतात. हे ताडून पाहण्यात एक अख्खी संध्याकाळ जाऊ शकते, आणि ती चांगली गेलेली असते.

सोन्याचीही एक खूण सांगायला हवी. महाराष्ट्रात ज्याला घरोघर 'गिनी' म्हणतात तो बहुतेक वेळा ब्रिटिश सॉव्हरिन असतो: ७.९८८ ग्रॅम, बावीस कॅरट. १९१८ मध्ये लंडनच्या रॉयल मिंटने मुंबईत शाखा उघडली, कारण युद्धकाळात सोनं बोटीने इकडून तिकडे नेणं धोक्याचं झालं होतं. त्या एका सालाचे सुमारे १३ लाख सॉव्हरिन इथे पाडले गेले आणि पुढच्या वर्षी शाखा बंदही झाली. घोड्यावरच्या सेंट जॉर्जच्या पायाखालची जमीन, तिच्या रेषेवर, सालाच्या अगदी वर मधोमध 'आय' असेल तर तो मुंबईचा. आजीच्या पुतळीच्या माळेशेजारी ठेवलेली गिनी मोडायला नेण्यापूर्वी एवढं भिंगातून पाहून घ्यावं.

परदेशी नाण्यांच्या ट्रेसमोर बहुतेकांना अडतं ते साल वाचताना. इथे मराठी वाचकाची एक सोय आहे आणि एक फसगतही. सोय नेपाळच्या नाण्यांवर. तिथे आकडे देवनागरीत असतात, त्यामुळे वाचता येतात, पण १९११ पूर्वीच्या बऱ्याच नाण्यांवरचं साल शकाचं असतं. १८१७ वाचून इंग्रज-मराठ्यांच्या शेवटच्या युद्धाच्या वर्षाचं नाणं मिळालं म्हणून हुरळून जाणारे असतात. पंचांग पाहणाऱ्या घरातल्या माणसाला शकात ७८ मिळवायचे हे सांगावं लागत नाही: ते १८९५ चं. १९११ नंतरची नेपाळी नाणी विक्रम संवताची, त्यातून ५७ वजा करायचे.

फसगत अरबी आकड्यांत. अरबीत पाचाचा आकडा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब. त्यामुळे मराठी डोळा १३३५ हे १३३० असं वाचतो. हिजरी सालाचं इसवी साल काढायला त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे. इजिप्तच्या नाण्यावरचं १३३५ म्हणजे १९१७. थायलंडच्या सालातून ५४३ वजा करायचे. जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष लिहितात, शोवा काळाचं असेल तर त्यात १९२५ मिळवायचे. एवढी पाच गणितं पाठ असली की डब्यातली निम्मी नाणी बोलू लागतात.

आता खोट्याचा प्रश्न. ज्या डॉलरपासून हा लेख सुरू झाला त्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत, आणि काही इतक्या सुबक की त्रिशुळावर 'बी'सुद्धा काढलेला असतो. लोहचुंबक जवळ धरणं ही पहिली चाचणी. चांदी चिकटत नाही, पण न चिकटणारं प्रत्येक नाणं चांदीचं नसतं. दुसरी चाचणी तराजूची. दुकानातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा, त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं हातात धरून ठेवावं. काट्यावर जे वजन उमटतं ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं. ९० टक्के चांदीचं २६.९५ ग्रॅमचं अस्सल नाणं २.६ ग्रॅमच्या आसपास दाखवतं. तांबं-निकेलचं, तितक्याच वजनाचं केलेलं खोटं नाणं ३ ग्रॅमच्या घरात जातं. नाण्याला ओरखडा पडत नाही, ॲसिड लागत नाही. जो विक्रेता ही चाचणी करू देतो, किंबहुना स्वतःच पेला पुढे सरकवतो, त्याच्याकडे पुन्हा जावं. चांगल्या नाणेविक्रेत्याची किंमत त्याच्या मालापेक्षा त्याच्या अशा सवयींवरून कळते. नाणं कुठून आलं असं विचारलं तर तो टाळत नाही, साफ केलेलं असेल तर आधी सांगतो, आणि शंकेचं निघालं तर परत घेतो.

साफ करण्याविषयी मराठी घरांना मुद्दाम सांगायला हवं, कारण तांब्या-पितळेची भांडी लखलखीत ठेवणं हा इथला संस्कार आहे. चिंच, लिंबू, राख, पितांबरी हे सगळं समईसाठी ठीक. नाण्यावर वर्षानुवर्षं चढलेला काळपट, तपकिरी थर ही त्याची कातडी असते. ती घासून काढली की नाण्याची बारीक रेघ आणि संग्राहकाच्या लेखी निम्मी-अधिक किंमत दोन्ही जातात. तसंच स्वस्त, मऊ प्लास्टिकच्या पाकिटांचं. पीव्हीसीच्या पाकिटात काही वर्षांनी तांब्याच्या नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो. होल्डर मायलरचे मागावेत.

कायद्याची एक बाब, विशेषतः सुट्टीत अमेरिका-दुबईहून आलेल्या नातेवाइकांसाठी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं पुरी झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. जुन्या बाजारात हौसेने घेतलेली थैली विमानतळावर अडू शकते.

आफ्रिकेच्या पानांवर थोडं रेंगाळायला हवं. हिंदी महासागराच्या पलीकडच्या काठावरही रुपयाच चाले. केनिया-युगांडाकडे रुपया होता, आणि टांझानियाच्या मुलखात जर्मनांनी आपली वसाहत उभारली तेव्हा त्यांनाही मार्क सोडून रुपयाच पाडावा लागला, कारण बाजारपेठ कच्छी-गुजराती व्यापाऱ्यांच्या हिशेबावर चालत होती. या जर्मन रुपयावर कैसर विल्हेल्म आहे, डोक्यावर पक्ष्याची आकृती असलेलं शिरस्त्राण. सुट्या नाण्यावर लिहिलंय 'पेसा', दुसऱ्या बाजूला अरबी मजकूर. चौसष्ट पेशांचा रुपया, अगदी इथल्या चौसष्ट पैशांच्या रुपयासारखा. १९०४ मध्ये जर्मनांनी तो हिशेब मोडून शंभर हेलरचा रुपया केला. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना घालवलं तेव्हा परतलेल्या काही कुटुंबांबरोबर पूर्व आफ्रिकेची भोकाची पाच आणि दहा सेंटची नाणीही आली. भोक दोऱ्यात ओवून ठेवण्यासाठी, आणि अजूनही कधीकधी अख्खी माळच विकायला येते.

मॉरिशसचं पान मराठी माणसाने न पाहता पुढे जाऊ नये. एकोणिसाव्या शतकात कोकण आणि देशावरून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात. तिथल्या चलनाचं नावही रुपया आहे, १८७० च्या दशकापासून. अर्ध्या रुपयावर हरीण आहे.

आणि शेवटी गोवा. गोव्याची पोर्तुगीज नाणी 'फॉरेन'च्या अल्बममध्ये लावायची की 'इंडिया'च्या, यावर विक्रेत्यांत एकमत नाही, आणि ट्रे चाळताना दोन्हीकडे पाहावं लागतं. १८८१-८२ चा राजा लुईशचा 'रुपिया' वजनाने थेट राणीछाप रुपयाचा जोडीदार. सोळा 'टांगां'चा एक रुपिया, सोळा आण्यांसारखाच. मानचिन्हात एक चाक दिसतं, ते सेंट कॅथरिनचं. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा घेतला, म्हणून. १९४७ चा रुपिया निम्म्या चांदीचा, १९५२ चा तांबं-निकेलचा. पुढे १९५८ मध्ये पोर्तुगालने गोव्याचं चलनच बदलून एस्कुदो आणला. सहा एस्कुदोंना एक रुपिया असा दर ठरला, म्हणून या मालिकेत एरवी क्वचितच दिसणाऱ्या किमती आल्या: तीस आणि साठ सेंताव्ह, तीन आणि सहा एस्कुदो. सहा एस्कुदोंचं नाणं म्हणजे एक रुपिया, तीनचं म्हणजे अर्धा. नाव बदललं तरी बाजारातला हिशेब रुपयाचाच राहिला होता, हे त्या आकड्यांतून वाचता येतं.

या मालिकेतलं सगळ्यात लहान नाणं दहा सेंताव्हचं, तपकिरी, नखाएवढं. त्यावर तीन सालं आढळतात: १९५८, १९५९ आणि १९६१. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. जत्रेतल्या फुटाण्यांच्या किमतीचं ते शेवटच्या सालाचं नाणं काचेखाली नसतं. ते डब्यात असतं, मलेशियाच्या सेन आणि इंग्लंडच्या पेनीच्या खाली, आणि भिंग घेऊन साल पाहणाऱ्याला विक्रेता अजूनही ते डब्याच्याच भावात देतो.